केसांची किंमत किती?

पंढरपुरातल्या केशकर्तनालयांत झाडून काढलेले केस कचऱ्यात जातात. विद्यार्थीमित्रांनो, केस म्हणजे केराटिन हे प्रथिन. १ किलो केसांत सुमारे १५० ग्रॅम नायट्रोजन असतो. युरियात तो ४६ टक्के. म्हणजे ३२५ ग्रॅम युरियाचे काम झाले. अनुदानित युरिया किलोला सुमारे ६ रुपये. करा हिशेब, जेमतेम २ रुपये! एवढ्यासाठी दारोदार कोण हिंडेल? शिवाय केराटिनातील गंधकाचे बंध चिवट, त्यामुळे केस सावकाश कुजतात.

लांब केसांची गोष्ट निराळी. तिरुपतीला मुंडनाचे केस लांबीनुसार निवडून लिलावात विकतात. त्यांचे टोप होतात. म्हणून दुकानदाराने लांब केस जमिनीवर पडू न देता, मुळे एका बाजूला ठेवून बांधावेत. केसांवरील सूक्ष्म खवले उलटसुलट आले की गुंता झालाच! आखूड केस मात्र शेजारच्याच मळ्यातल्या खतखड्ड्यात टाकावेत. तेवढाच वाहतुकीचा खर्च वाचतो.