नळी गिळण्याआधीचे प्रश्न

इको म्हटलं की छातीवर फिरणारं यंत्र डोळ्यांसमोर येतं. त्याने आत कुठे इजा होत नाही. पण टी.ई.ई. नावाचा दुसरा इको आहे. त्यात बोटाएवढी जाड, लवचिक नळी तोंडातून अन्ननलिकेत उतरवतात. का? तर हृदयाचा वरचा डावा कप्पा अन्ननलिकेला अगदी खेटून असतो. तिथली गुठळी, झडपेचा दोष मागून स्वच्छ दिसतो.

आता धोका बघू. निदानापुरत्या तपासणीत अन्ननलिका फाटण्याचं प्रमाण साधारण १०,००० मध्ये १, म्हणजे फारच कमी. हृदयाच्या शस्त्रक्रियेत मात्र नळी तासन्‌तास आत राहते आणि रुग्णाला भूल दिलेली असते. ‘दुखतंय’ म्हणणारा साक्षीदारच गप्प!

म्हणून त्याची साक्ष आधी घ्यावी लागते. घास अडकतो का? पूर्वी रक्ताची उलटी झाली होती? यकृताचा आजार, अन्ननलिकेचं ऑपरेशन, छातीला रेडिएशन? कुणी विचारलं नाही, तरी आपणहून सांगा.

नंतर घसा एखादा दिवस खवखवतो, ते चालायचंच. पण छातीत किंवा मानेत वाढती कळ, ताप, गिळता न येणं, रक्ताची उलटी, यांपैकी काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. फाटलेल्या जागेतून लाळ आणि जंतू छातीत उतरतात. उशीर जिवावर बेततो.

संमतिपत्रावर सही आपण करतोच. तिच्याआधी एवढी प्रश्नोत्तरं झाली, तर तिला संमती म्हणता येईल.