चवीपुरते मीठ

पाककृतींच्या पुस्तकात प्रत्येक जिन्नसाचे प्रमाण वाटी-चमच्यात दिलेले असते. मिठापुढे मात्र ‘चवीपुरते’ एवढाच शब्द. जन्मभर जमाखर्चाच्या वह्या सांभाळलेल्या आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसास ही मोघम नोंद नेहमीच खटकते. रुग्णालयाच्या कारभारात आल्यावर या शब्दाची किंमत रुग्णांना कशी मोजावी लागते हे जवळून पाहिले. म्हणून यंदाच्या अहवालात मिठाविषयी थोडे लिहिण्याचे योजिले आहे.

मीठ हा शरीराचा शत्रू नव्हे. मिठातील सोडियममुळे शरीरातील पाण्याचा समतोल राहतो, मज्जातंतूंचे संदेश पोहोचतात, स्नायू आकुंचन पावतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली व शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून रुग्णांस पाजण्याची व्यवस्था केली. ग्लुकोजच्या सोबतीने आतडे सोडियम शोषून घेते आणि त्यामागोमाग पाणीही शरीरात जाते. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्युप्रमाण या उपचाराने चार टक्क्यांच्याही खाली आले. आज आपल्या बालरुग्ण विभागात मिळणारी जलसंजीवनीची पुडी याच तत्त्वावर बनलेली आहे.

परंतु हेच मीठ नित्य अधिक झाले की रक्तदाब चढतो आणि हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांवर भार पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीस दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट भरलेल्या एका लहान चमच्याहून कमी मीठ असावे. येथे आमचा हिशेबी स्वभाव कामी येतो. चार प्रौढ माणसांच्या घरात दररोज वीस ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरावयास हवी. आपल्या घरी ती किती दिवस पुरते, हे वाचकांनी एकदा पिशवीवर तारीख घालून पाहावे. लोणचे, पापड, फरसाण, पाव, बिस्किटे यांतून पोटात जाणारे मीठ या हिशेबात धरलेलेच नाही! आमच्या स्वयंपाकघरात पथ्याची भाजी वेगळ्या पातेल्यात शिजते; परंतु भेटीच्या वेळी नातेवाइकांच्या पिशवीतून लोणच्याची बाटली निघते. “दोन घास तरी गोड लागावेत” ही माया आम्हांस समजते. तथापि हृदय अशक्त झालेल्या रुग्णाच्या पायांवरची सूज त्या दोन घासांनी वाढू शकते.

सैंधव घेतल्यास अपाय नाही, असेही अनेकजण सांगतात. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने रक्तदाबाच्या दृष्टीने त्यात विशेष फरक नाही. उलट आयोडीनयुक्त मिठातून मिळणाऱ्या आयोडीनला घर मुकते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. इतरांना ते उपयोगी ठरू शकले, तरी मूत्रपिंडाच्या विकारात ते धोक्याचे असल्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये.

याची दुसरी बाजूही आम्ही पाहतो. ‘मीठ कमी करा’ हे वाक्य ऐकून काही वयोवृद्ध मीठ पूर्णपणे वर्ज्य करतात. लघवी वाढविणारी गोळी चालू असते, जेवण मोजकेच असते. मग रक्तातील सोडियम घसरते आणि एके दिवशी आजोबा असंबद्ध बोलू लागले म्हणून कुटुंबीय घाबरून त्यांना घेऊन येतात. घरच्यांना वाटते, वयोमानाने भ्रम झाला. रक्ततपासणी मात्र वेगळेच सांगते. यात दोष रुग्णाचा नाही. आमच्याच कागदावर प्रमाण लिहिलेले नसे.

म्हणून आता घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर ‘मीठ कमी’ असे लिहिण्याऐवजी, वैद्यांनी त्या रुग्णासाठी ठरविलेले दिवसाचे प्रमाण चमच्याच्या मापात लिहिण्यास आम्ही प्रारंभ केला आहे. घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने त्या वेळी उपस्थित राहावे, अशी नम्र विनंती आहे. आहारतज्ज्ञ ते माप प्रत्यक्ष चमचा भरून दाखवितात. त्यासाठी वेगळे शुल्क नाही.