वीतभर काठी

तान्ह्या पोळ्याला तीन आठवडे उरले असताना संपादकांनी सांगितलं, लाकडी नंदींवर लिहून आण. नागपूरकराला या नंदींची ओळख करून द्यावी लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतींची मिरवणूक निघते त्याच दिवशी, लहान पोरं चाकांवरचे सजवलेले नंदी ओढत घरोघर जातात आणि बोजारा गोळा करतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळात ही प्रथा सुरू झाली असं मानतात. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६. इतिहास एवढा पुरे, कारण लकडगंजाजवळच्या ज्या खरादीच्या दुकानात मी जाऊन बसलो, तिथे नंदी नव्हतेच. तिथे नंदीची चाकं होती आणि चाकांपेक्षा मला धरून ठेवणारी एक घोडी होती.

कोकणात ज्याला कातारी म्हणतात, त्याला आपल्याकडे खरादी म्हणायची सवय. लाकूड फिरतं, हत्यार स्थिर राहतं, आणि गोल पटाशीच्या नखाएवढ्या टोकाखालून सालपटांची भेंडोळी उडतात. साठी ओलांडलेले मिस्त्री तीन इंची चाक चार-पाच मिनिटांत उतरवतात. मग थांबतात आणि पटाशीची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहतात. नखात रुतली तर ठीक, घसरली तर ग्राइंडरकडे.

हे थांबणं वारंवार येतं, कारण लाकूड सागाचं आहे. आलापल्ली-बल्लारशाकडच्या ज्या सागाचा आपण अभिमान बाळगतो, त्याच्या पेशींत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. तेल आणि वाळू एकाच लाकडात! तेलामुळे साग टिकतो, वाळूमुळे हत्यार मरतं. शिवणीवर तासभर चालणारी धार सागावर फार लवकर बसते.

"लाकूड कापणं पोरगं महिन्यात शिकते," मिस्त्री म्हणाले. "धार लावणं शिकता शिकता पटाशी अर्धी होऊन जाते."

पोरगं म्हणजे त्यांचा भाचा. दुकानात एक डबा आहे, त्यात त्याने संपवलेल्या पटाश्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीच्या उतारावर चार-पाच पैलू दिसतात, कारण दर वेळी कोन थोडा वेगळा लागला. पैलू पडलेला उतार लाकडावर नीट टेकत नाही. पटाशी एकदम आत घुसते, चाकाचा कपचा उडतो. सहा इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण २८५० फेरे घेतो. म्हणजे सहाणीचा काठ ताशी ऐंशी किलोमीटरने धावत असतो. त्या काठावर पटाशी एकाच कोनात धरून डावी-उजवीकडे लोळवायची. मिस्त्रींचं मनगट ते चाळीस वर्षं करत आलं. आता डोळ्यांनी साथ सोडली. मग त्यांनी भाच्यासाठी, आणि थोडी स्वतःसाठीही, पटाशी एकाच कोनात धरणारी घोडी बनवली.

परदेशात अशी साधनं तयार मिळतात. कॅनडाच्या वनवे कंपनीचं वुल्व्हरिन जगभरचे खरादी वापरतात. स्वीडनची टॉर्मेक तर १९७३पासून धार लावण्याचीच यंत्रं बनवते आहे. मिस्त्रींनी त्यांचे फोटो भाच्याच्या मोबाइलवर पाहिले आणि भंगारातून सामान उचललं. खाली १८ मिमी प्लायची फळी. तिच्यावर लाकडी खाचेतून पुढे-मागे सरकणारी चौकोनी नळी. नळीच्या टोकाला अँगलचे दोन तुकडे जोडून केलेला खोलगट टेकू, त्याला ते 'पाकीट' म्हणतात. पटाशी एका आखूड पाइपात घालून विंग नटने आवळायची. पाइपाला वेल्ड केलेला वाकडा पाय, गोल टोकाचा. तो पाकिटात बसतो. पटाशीचं पातं पाइपाबाहेर नेहमी ४५ मिमी राहावं म्हणून भिंतीवर तेवढ्या खोलीचं भोक पाडलेला ठोकळा ठोकला आहे. त्यात टोक टेकवा, नट आवळा, झालं. पाय पाकिटात गोल फिरतो, पटाशी हातात लोळते, आणि हात चुकला तरी पाय जागचा हलत नाही.

कोन जुळला का हे पाहायची त्यांची रीत मला फार आवडली. पटाशीच्या उतारावर काळ्या मार्करने शाई फासतात आणि ग्राइंडर बंद ठेवून सहाण हाताने जराशी फिरवतात. शाई खालच्या बाजूने पुसली गेली तर पाकीट मागे-पुढे करायचं. वरपासून खालपर्यंत पुसली गेली की मगच बटण दाबायचं.

पहिल्या महिन्यात सगळं सुरेख चाललं. नळीवर पेंटने खुणा केल्या होत्या: ही मोठ्या पटाशीची, ही बारकीची. भाचा खूण पाहून पाकीट लावायचा. मग उतार हळूहळू बोथट येऊ लागले आणि दोघांनाही कळेना चूक कुठे आहे. भाच्याचा हात तर आता मध्ये नव्हताच.

चूक सहाणीत होती. सहाण झिजते. खुणा फळीवरून मोजलेल्या, सहाण मात्र पाकिटापासून दूर चाललेली. मी घरी येऊन त्रिकोण मांडला. पाय पाकिटात जिथे टेकतो तिथून पटाशीचं टोक २३० मिमी, त्याच बिंदूपासून सहाणीचं केंद्र २९० मिमी. सहाण १५० मिमीवरून १३० झाली आणि पाकीट हललं नाही, तर कोन तब्बल साडेसोळा अंशांनी बोथट होतो. मिस्त्रींनी त्रिकोण मांडला नव्हता. त्यांनी एक काठी कापली, २१५ मिमी लांब, वीतभर. तिचं एक टोक पाकिटाच्या तळाला, दुसरं सहाणीच्या काठाला. काठी बरोबर बसेपर्यंत पाकीट सरकवायचं. अंतर केंद्रापासून नाही, काठापासून मोजायचं. तोच हिशेब काठीने केला, तर तीच झिजलेली सहाण कोनात जेमतेम अडीच अंशांची चूक करते. एवढी चूक लाकडाला कळतही नाही. मी कागद दाखवला तेव्हा त्यांनी तो नीट घडी घालून खिशात ठेवला.

अडचणी संपल्या असं नाही. करड्या सहाणीचे कण लवकर झडत नाहीत, ती चकाकते आणि पोलाद तापवते. जुन्या पटाश्या मोटारीच्या कमानपट्टीच्या. टोक निळं पडलं की पाणी उतरलं समजायचं, तेवढा भाग घासून फेकावा लागतो. हायस्पीड स्टील लाल होईपर्यंत दम धरतं, पण ते तापलेलं पाण्यात बुडवलं तर बारीक तडे जातात. भाच्याची बुडवायची सवय कमानपट्टीवर लागलेली, ती सुटत नाही. कमी तापवणाऱ्या पांढऱ्या सहाणीला पैसे जास्त लागतात. नवी सहाण चढवण्याआधी तिला टांगून लाकडी मुठीने हलकं ठोकून ऐकावं लागतं. खणखणीत आवाज आला तर चांगली, भद्द आला तर आत चीर आहे. तशी सहाण फुटली तर समोरच्या माणसाचं काय होईल हे मिस्त्रींनी मला सांगितलं नाही, फक्त ग्राइंडर सुरू करताना बाजूला उभं राहायला लावलं.

आणि गिऱ्हाईक. फायबरचा हलका नंदी आला आहे, त्याची चाकं प्लास्टिकची. सागाचा भाव वाढला की नंदी बनवणारा आधी चाकांवर वाचवतो. सणाआधीचे दोन महिने दुकान भरलेलं, मग पोळपाट-लाटणी, पलंगाचे पाय, तेही कमी. भाच्याला एका फॅक्टरीतून बोलावणं आलेलं आहे. पोळा होईपर्यंत थांबतो म्हणतो. ते ऐकल्यापासून मी त्याच्या हातांकडेच पाहत होतो.

निघताना तो बारक्या पटाशीला धार लावत होता. त्याने काठी लावली; मध्ये बोटभर फट होती. "मामाजी, सहाण उतरली," तो म्हणाला. मिस्त्रींनी मान वर केली नाही. त्याने नळी आत सरकवली, काठी पुन्हा लावली, शाई फासली, आणि सहाण हाताने फिरवली.