पाटीवरचं अर्थसाहाय्य आणि वहीतलं कर्ज

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीशेजारी एक संगमरवरी पाटी आहे. उद्घाटनाची तारीख, मंत्र्यांची नावं, आणि सगळ्यात वर 'जागतिक बँक अर्थसाहाय्यित'. मागच्या पावसाळ्यात मी रांगेत उभा होतो तेव्हा पुढचे आजोबा पाटी वाचून सोबतच्याला म्हणाले, "बाहेरच्यांनी पैसे दिले म्हणून दवाखाना झाला, नाहीतर कुठला आलाय." सोबतचा म्हणाला, "फुकट कोण देतंय? देश गहाण टाकलाय." दोघांच्या मध्ये औषधाची रिकामी बाटली घेऊन उभ्या असलेल्या बाईंना मात्र एवढंच हवं होतं, की आज डॉक्टर आहेत का.

आरोग्य, कुटुंबनियोजन आणि पोषण यांसाठी विकास बँका देतात त्या पैशांबद्दलचे बहुतेक गैरसमज त्या दोन वाक्यांत आले. त्यांना खतपाणी मिळतं ते पाटीवरच्या 'अर्थसाहाय्य' या शब्दामुळे. साहाय्य म्हटलं की डोळ्यांपुढे देणगी येते. प्रत्यक्षात हे कर्ज असतं, आणि ते फेडावं लागतं.

"ही परदेशी मदत आहे"

महाराष्ट्रातली ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं सुधारण्यासाठी 'आरोग्य प्रणाली विकास प्रकल्प' आला. जागतिक बँकेने तो डिसेंबर १९९८ मध्ये मंजूर केला. रक्कम होती १३.४ कोटी डॉलर. पैसे बँकेच्या 'आयडीए' या शाखेचे होते. गरीब देशांना अत्यंत सवलतीने कर्ज देण्यासाठी ही शाखा १९६० मध्ये निघाली. तेव्हाच्या भारतासाठी तिच्या अटी अशा होत्या: मुदत ३५ वर्षं, पहिली दहा वर्षं मुद्दलाचा हप्ता नाही, आणि व्याजाऐवजी वर्षाला पाऊण टक्का सेवाशुल्क. बाजारात असं कर्ज कुणी देणार नाही, तेव्हा सवलत खरी होती. पण ती परतफेडीची सवलत होती, माफी नव्हे. शिवाय कर्ज परकीय चलनात असतं. तेव्हा डॉलर ४२ रुपयांच्या आसपास होता. पुढे तो ऐंशीच्या पार गेला, म्हणजे रुपयांत मोजलं तर हप्ता जड होत गेला.

ही सवलत राज्यापर्यंत कशी पोचायची, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असतं. २००५ पर्यंतची रीत अशी होती: केंद्र सरकार बाहेरून पाऊण टक्क्याने कर्ज घ्यायचं आणि महाराष्ट्रासारख्या राज्याला त्यातला ३० टक्के भाग अनुदान म्हणून, उरलेला ७० टक्के कर्ज म्हणून द्यायचं, तेही आपल्या नेहमीच्या व्याजदराने. रुपया घसरण्याचा धोका केंद्राचा, व्याजाचा भार राज्याचा. बाराव्या वित्त आयोगानंतर हे बदललं. आता ज्या अटींवर कर्ज आलं त्याच अटींवर ते राज्याकडे जातं, आणि विनिमय दराचा धोकाही राज्याच्याच माथी असतो. दोन्ही पद्धतींत भरणारे आपणच. प्रकल्प मंजूर झाला त्या वर्षी जन्मलेलं मूल आज कमावतं झालंय, आणि त्याच्या करात या हप्त्यांचा वाटा आहे.

मग देश गहाण पडला का? तसंही नाही. आयडीएच्या कर्जाला जमीन किंवा खाण तारण नसते, शासनाची हमी असते. आणि २०१४ मध्ये भारत आयडीएच्या नेहमीच्या सवलतीच्या यादीतून बाहेर पडला, कारण दरडोई उत्पन्न त्या यादीच्या मर्यादेच्या वर गेलं. आता भारताला बँकेच्या दुसऱ्या, बाजाराच्या जवळ जाणाऱ्या व्याजाच्या खिडकीतून कर्ज मिळतं. म्हणजे चूक करण्याची किंमत वाढली आहे.

"अंगणवाडीची खिचडीही त्यांच्याच पैशाची"

अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून सुरू झाली, ती भारताच्या स्वतःच्या निर्णयाने आणि पैशाने. बँक या योजनेत नंतर आली, निवडक राज्यांत आणि ठरावीक कामांपुरती. २०१७ च्या अखेरीस पोषण अभियानाला ९,०४६ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्यातला निम्मा भाग जागतिक बँक किंवा तशाच विकास बँकांकडून घ्यायचा असं ठरलं, आणि २०१८ मध्ये २० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. अंगणवाड्यांमध्ये मोबाइल, वजनकाटे, प्रशिक्षण हे या वाटेने आलं. सेविकेचं मानधन, रोजचा आहार, इमारतीचं भाडं हा मोठा आणि कधी न संपणारा खर्च केंद्र आणि राज्य यांच्या तिजोरीतूनच होतो.

बँक पैशांची पेटी पाठवते हीही समजूत चुकीची. आधी आपण खर्च करायचा, बिलं जोडायची, दिल्लीतल्या विदेशी साहाय्य लेखा कार्यालयामार्फत दावा करायचा आणि मग बँक ती रक्कम भरून देते, अशी मुख्य पद्धत. २०१२ पासून बँकेने आणखी एक पद्धत आणली: ठरलेला परिणाम दिसला आणि त्याची पडताळणी झाली की हप्ता सुटतो. कागद अडला की पैसा अडतो. मंजूर झालेली रक्कम आणि प्रत्यक्षात उचललेली रक्कम यांत म्हणूनच तफावत असते. वर्तमानपत्रात मात्र पहिल्या पानावर पहिलाच आकडा येतो.

"कर्जातून फक्त इमारती उभ्या राहतात"

माझ्या आजीचा चष्मा अजून घरात आहे. भिंग इतकं जाड की त्यातून तिचे डोळे दुप्पट दिसत. मोतीबिंदूच्या शिबिरात डोळ्यातलं भिंग काढून टाकत, बदली काही बसवत नसत, आणि हातात हा चष्मा देत. तो पडून फुटला की माणूस पुन्हा आंधळा. चूल पेटवताना ती आधी चष्मा पदराने पुसायची आणि मग काडी ओढायची.

१९९४ मध्ये मोतीबिंदूमुळे येणाऱ्या अंधत्वासाठी भारताने सुमारे ११.८ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. महाराष्ट्र धरून सात राज्यांत २००२ पर्यंत हा प्रकल्प चालला आणि त्यात दीड कोटीच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पद्धतीतलं स्थित्यंतर. डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवण्याचं प्रशिक्षण सरकारी डॉक्टरांना मिळालं, सूक्ष्मदर्शक यंत्रं जिल्ह्यात पोचली, तंबूतल्या शिबिराऐवजी रुग्णाला रुग्णालयात आणण्याची रीत पडली. त्याच सुमारास मदुराईत ऑरोलॅब या कारखान्याने कमी किमतीचं भिंग बनवायला घेतलं होतं, म्हणून हे परवडलं. कर्जाचा पैसा, देशातला कारखाना आणि सरकारी डॉक्टर एका वेळी एका ठिकाणी आले. आजीच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन काही वर्षांनी झालं. तिला जाड चष्मा लागलाच नाही.

"पैसा आला की कुपोषण हटतं"

हा गैरसमज सगळ्यात महाग पडणारा आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

१९८० मध्ये तमिळनाडूत एकात्मिक पोषण प्रकल्प सुरू झाला. कर्ज ३.२ कोटी डॉलर. सुरुवात मदुराई जिल्ह्यातल्या कोट्टमपट्टी गटातून. गावातलीच एक बाई पोषण कार्यकर्ती म्हणून नेमली. सहा महिने ते तीन वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाचं तिने दरमहा वजन करायचं. ज्याचं वजन वाढत नाही त्यालाच पूरक आहार, सरसकट नाही. साधारण ९० दिवसांनी वजन पुरेसं वाढलं की आहार बंद, आणि आईला समजावून सांगायचं की घरी काय करायचं. वजनाची रेघ कार्डावर वर चढताना आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायची. तीव्र कुपोषण तिथे लक्षणीय घटलं, आणि हा प्रकल्प जगभर नमुना म्हणून सांगितला जाऊ लागला.

तोच नमुना घेऊन १९९५ मध्ये बांगलादेशात एकात्मिक पोषण प्रकल्प गेला. तेच वजन, तोच पूरक आहार, आईला तोच सल्ला. अपेक्षित फरक पडला नाही. जागतिक बँकेच्याच स्वतंत्र मूल्यमापन विभागाने २००५ मध्ये हे मांडलं. एक कारण असं निघालं की सल्ला मिळत होता आईला, पण एकत्र कुटुंबात ताटात काय पडणार हे ठरवत होती सासू, आणि बाजारातून काय आणायचं हे ठरवत होता पुरुष. सूनबाईला सगळं पाठ होतं, पण हातात काही नव्हतं. दुसरं कारण आपल्याकडच्या कुठल्याही सेविकेला लगेच पटेल: केंद्रात खाऊन आलेल्या मुलाला घरी त्या वेळचा घास मिळाला नाही. बाहेरचा घास आला आणि घरचा कमी झाला.

वजनकाटा आणि फोन कर्जाने विकत घेता येतात. घरातला निर्णय कोण घेतं, हे त्या गावात बसून विचारावं लागतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन तापतात, साठवण अपुरी, आणि माहिती भरायचं ॲप इंग्रजीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मराठी शाळेत शिकलेल्या बाईकडे इंग्रजी ॲप देऊन तिच्याच आकड्यांवर कार्यक्रम मोजायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं महाराष्ट्रातलं प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. एवढ्या वर्षांत रेघ हललेली नाही.

"नसबंदीची सक्ती जागतिक बँकेने केली"

अर्धं खरं. बँक या क्षेत्रात शिरली तीच लोकसंख्येच्या दारातून. १९६८ मध्ये रॉबर्ट मॅकनमारा बँकेचे अध्यक्ष झाले, १९७० मध्ये जमैकाला कुटुंबनियोजनासाठी पहिलं कर्ज मिळालं, १९७२ मध्ये उत्तर प्रदेश आणि कर्नाटकासाठी भारताला. निव्वळ आरोग्यासाठी कर्ज देण्याचं धोरण आलं ते १९८० मध्ये. लोकसंख्येचे आकडे खाली आणा, हा दबाव त्या काळी देणाऱ्यांकडून होता आणि त्याची नैतिक जबाबदारी बँकेला टाळता येत नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या त्या आपल्याच सरकारच्या हुकमाने. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही. हे आपण आपल्या इतिहासात लिहायला हवं, दुसऱ्याच्या नव्हे.

"त्यांच्या अटींमुळेच दवाखान्यात पैसे मोजावे लागले"

यात तथ्य आहे. १९८७ च्या धोरणपत्रात बँकेने रुग्णांकडून शुल्क घेण्याचा पुरस्कार केला, आणि राज्यांच्या आरोग्य प्रणाली प्रकल्पांत शुल्कवसुली हा भाग होता. दारिद्र्यरेषेखालच्यांना सूट असे, पण दाखला खिशात घेऊन कोण आजारी पडतं? पुढे बँकेने स्वतःच ही भूमिका सौम्य केली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, तो निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाचा. शुल्क ठेवणं आणि काढणं, दोन्ही आपल्या हातात होतं.

"बँकेची नजर असते, तिथे खाबूगिरी चालत नाही"

भारतातल्या पाच आरोग्य प्रकल्पांची बँकेने सखोल तपासणी केली आणि जानेवारी २००८ मध्ये अहवाल खुला केला. पाचही ठिकाणी गैरव्यवहाराच्या खुणा सापडल्या. ओडिशात पाहणी केलेल्या ५५ रुग्णालयांपैकी ९३ टक्के ठिकाणी गळणारी छपरं, ढासळणारी छतं, अपुरं काम असे दोष होते. कागदावर कामं पूर्ण झाल्याचे दाखले मात्र होते. गळक्या छपराखालच्या खाटेवर झोपलेल्या बाळंतिणीच्या कुटुंबाकडूनही त्या छपराचा हप्ता जातोच.

हे सगळं तपासता येतं. जुलै २०१० पासून बँकेच्या माहिती धोरणाने प्रकल्पांची बहुतेक कागदपत्रं सर्वांना खुली आहेत. मंजुरीच्या वेळचा आराखडा, दरवर्षीची प्रगती आणि शेवटचा पूर्तता अहवाल असतो, त्यात किती रक्कम उचलली आणि काय साधलं नाही तेही लिहिलेलं असतं. आपल्या बाजूला माहितीचा अधिकार आहे, ग्रामसभा आहे, रुग्ण कल्याण समिती आहे. तुमच्या गावच्या दवाखान्यात अशी पाटी दिसली तर प्रकल्पाचं नाव आणि वर्ष टिपून घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत दोन गोष्टी विचारा: आपल्या रुग्णालयासाठी यातून काय मंजूर झालं होतं, आणि त्यातलं आज काय चालू आहे. हप्ते आपण भरतो, तेव्हा हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.