पनवेल ते कन्याकुमारी: सोळाशे किलोमीटर, एकच महामार्ग

लांबच्या बाइक राइडचा विषय निघाला की गाडी थेट लडाखलाच पोचते. त्या मानाने दाराशी असलेला राष्ट्रीय महामार्ग ६६ उपेक्षितच. पनवेलहून निघून महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ असं करत तो तमिळनाडूत कन्याकुमारीला संपतो. अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. जुन्या मंडळींना तो 'एनएच १७' म्हणूनच आठवतो.

कोकणातले घाट आणि अर्धवट कामं अंगातली हाडं मोजून घेतात, हे मान्य. पण कारवारपासून पुढे रस्ता समुद्राला चिकटू लागतो. कुंदापूरजवळच्या मरवंथेला तर एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी. इथे न थांबता पुढे जाणारा रायडर विरळाच!

केरळात वेग विसरावा. गाव संपतच नाही, एकाला लागून दुसरं. मध्येच माहे लागतं, तेही चक्क पुदुच्चेरीचं. शेवटच्या टप्प्यात तक्कलैजवळचा पद्मनाभपुरम राजवाडा आहे तमिळनाडूत, पण सांभाळतं केरळ सरकार. त्याच्या लाकडी कोरीवकामासाठी अर्धा दिवस काढावाच.

तयारीत चेनकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. साधारण दर ५०० किलोमीटरला ती पुसून वंगण द्यावं, पावसात भिजली तर त्याआधीच. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात. फक्त मोबाइल चार्ज केलेला हवा. निघायला योग्य महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.