एमए करता करता लिखाणाची कामं: गणित वेळेचं की पैशाचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतेय. विषय तुम्हीच पुन्हा पुन्हा विचारलेला आहे: एमएला अ‍ॅडमिशन घेतलंय, सोबत अनुवाद, कंटेंट रायटिंग अशी फ्रीलान्स कामंही करायची आहेत. दोन्ही जमेल का?

मी पुण्यात एमए करताना हेच केलं, म्हणून सरळ सांगते: जमतं. पण "पहाटे उठा, टाइमटेबल लावा" एवढ्यानं जमत नाही. कारण खरी अडचण वेळेपेक्षा पैसे कधी येतात याची असते.

पैसे उशिरा, परीक्षा वेळेवर

दिवाळी अंकांचं बघा. मजकूर मागितला जातो साधारण जून ते ऑगस्टमध्ये. अंक येतो दिवाळीच्या तोंडावर आणि मानधन बऱ्याचदा त्याच्याही नंतर. इकडे कॉलेजची फी, रूमचं डिपॉझिट, मेसचे पैसे हे सगळं जुलै-ऑगस्टमध्येच भरायचं असतं. म्हणजे काम करूनही खिसा रिकामा! मग सेमिस्टरची परीक्षा जवळ आली की आपण मिळेल ते काम घेतो. अभ्यास तिथे बुडतो, आणि आपल्याला वाटतं की आपण आळशी आहोत.

यावर उपाय साधा आहे. मोबाइलमध्ये एक शीट करा. दोनच रकाने: काम पाठवलं ती तारीख आणि पैसे आले ती तारीख. दोन-तीन कामांत प्रत्येक क्लायंटची सवय कळते. जो ६० दिवसांनी पैसे देतो, त्याच्या भरवशावर पुढच्या महिन्याची मेस ठेवायची नाही. त्याचं काम परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी घ्या, म्हणजे परीक्षेच्या महिन्यात पैसे येतील आणि तेव्हा नवीन काम घ्यावं लागणार नाही.

आधी २२ तास बाजूला

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार एमएच्या एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचा वर्ग. सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरलं, तर आठवड्याला जवळपास २२ तास नुसत्या वर्गाचे झाले. वाचन, असाइनमेंट वेगळी. हे तास आधी कॅलेंडरमध्ये टाका आणि उरलेल्यातच कामं बसवा.

आणखी एक गोष्ट. पहिल्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४ क्रेडिट असतात. प्रकाशन संस्थेत संपादन किंवा अनुवादाचं काम त्यात धरता येईल का, हे विभागात आधीच विचारा. हो म्हणाले तर एका कामात दोन कामं!

दर शब्दाचा, हिशोब तासाचा

समजा, शब्दाला १ रुपया मिळतो. हजार शब्दांचा लेख, म्हणजे हजार रुपये. पण माहिती शोधायला २ तास, लिहायला ३ आणि दुरुस्त्यांना १ तास लागला, तर तासाला १६७ रुपयेसुद्धा पडले नाहीत. तेच काम तुमच्या अभ्यासाच्या विषयातलं असेल तर माहिती शोधायचा वेळ वाचतो आणि तीच रक्कम ६ ऐवजी ४ तासांवर भागली जाते: तासाला २५० रुपये. म्हणून दर थोडा कमी असला तरी आपल्या विषयातलं काम बरेचदा परवडतं.

लेखी घ्या, मग लिहा

काम सुरू करण्याआधी ई-मेलवर चार गोष्टी मागा: शब्दसंख्या, दर, किती वेळा दुरुस्ती आणि पैसे देण्याची तारीख. "नंतर बघू" असं उत्तर आलं, तर परीक्षेच्या काळात ते काम नकोच.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. ती असेल तर एमएसएमई कायदा, २००६ तुमच्या बाजूनं येतो: लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. लगेच भांडायला जाऊ नका, पण बिलावर उद्यम क्रमांक आणि तारीख जरूर टाका.

कंपनीनं टीडीएस कापला असेल तर ते पैसे गेले असं समजू नका. तुमचं वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल, तर रिटर्न भरून ते परत मिळतात. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर दिसतेय ना, एवढं इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तपासा.

नाही कधी म्हणायचं?

परीक्षेच्या आधीचे चार आठवडे नवीन क्लायंट नाही. जुन्यांना महिनाभर आधीच कळवून ठेवा: "या तारखेपासून या तारखेपर्यंत मी उपलब्ध नाही." आधी सांगितलं की लोक सहसा समजून घेतात, ऐनवेळी सांगितलं की चिडतात. एक क्लायंट सुटला तर दुसरा मिळतो. सुटलेला पेपर मात्र पुढच्या सेमिस्टरच्या डोक्यावर येऊन बसतो.

तर आज रात्री ती दोन रकान्यांची शीट करून बघा. आणि हा भाग, नुकतंच एमएला लागलेल्या आणि लिखाणाची कामं शोधणाऱ्या तुमच्या मित्रमैत्रिणींना नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!