चर्चमधून थेट, घरातल्या खाटेपर्यंत

22 मार्च 2020 हा रविवार होता. जनता कर्फ्यूमुळे त्या दिवशी रस्ते ओस पडले आणि बुधवारपासून देशभर टाळेबंदी लागली. ख्रिस्ती माणसासाठी वर्षातले सर्वांत मोठे दिवस तेव्हा तोंडावर आले होते. 5 एप्रिलला झावळ्यांचा रविवार, 10 तारखेला उत्तम शुक्रवार, 12 तारखेला ईस्टर. अमरावतीच्या सेंट फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रलपासून अकोल्याच्या अलायन्स चर्चपर्यंत सगळीकडे दारे बंद होती. मिस्सा म्हणणारे असोत की उपासना म्हणणारे, त्या वर्षी सगळ्यांनी पुनरुत्थानाचा सण घरातच केला. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे उघडली ती 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला.

त्या आठ महिन्यांत मोबाइलची तिपाई हे चर्चच्या सामानात नव्याने दाखल झालेले साधन ठरले.

वऱ्हाडाची परीक्षा एवढ्यावर संपली नाही. 2021 च्या फेब्रुवारीत करोनाच्या दुसऱ्या लाटेची झळ आधी इथेच लागली. 17 तारखेला राखेचा बुधवार झाला. प्रायश्चित्तकाळाचा पहिलाच रविवार शनिवार-रविवारच्या टाळेबंदीत गेला. आणि 22 तारखेच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर ही शहरे आठवडाभरासाठी बंद झाली. ती मुदत पुढे वाढली. राज्याचा बराच भाग अजून खुला असताना इथली कुटुंबे पुन्हा फोनसमोर बसली होती.

दूर राहून उपासनेत सामील होण्याची धडपड मात्र जुनी आहे. 2 जानेवारी 1921 रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी चर्चमधली उपासना केडीकेए या केंद्राने रेडिओवरून ऐकवली. 1948 च्या नाताळात पॅरिसच्या नोत्र दाममधली मिस्सा दूरचित्रवाणीवर गेली. 1958 मध्ये पोप पायस बाराव्यांनी असिसीच्या संत क्लाराला दूरचित्रवाणीची आश्रयदाती घोषित केले. तेराव्या शतकातली ही जोगीण नाताळच्या रात्री आजारी होती, तिला चर्चपर्यंत जाता येईना. तेव्हा मिस्सा तिला आपल्या खोलीतच दिसली आणि ऐकू आली, असे तिच्या चरित्रात सांगतात. ही निवड फार समर्पक वाटते. थेट प्रक्षेपणाचा खरा धनी कोण, याचे उत्तर तिच्यात आहे: ज्याला यायचे आहे, पण येता येत नाही, तो.

असे लोक करोनाच्या आधीही होते. पक्षाघाताने खाटेला खिळलेली आजी, तिच्या उशाशी बसणारी सून, पुण्याला नोकरीसाठी गेलेला मुलगा, आखाती देशात परिचारिका असलेली मुलगी. त्यात इथली अंतरेही मोठी. 8 मे 1955 रोजी अमरावतीचा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याचा पसारा एवढा होता की 1977 मध्ये त्यातून औरंगाबादचा धर्मप्रांत वेगळा काढावा लागला. अंतर हा इथल्या फादरांचा आणि पाळकांचा रोजचाच प्रश्न आहे. मेळघाटात तर रस्ता आणि नेटवर्क दोन्ही एकाच घाटात तुटतात.

थेट प्रक्षेपणाची यंत्रणा दिसते सोपी. 2016 पासून फेसबुकवर कुणालाही फोन उचलून थेट जाता येऊ लागले. यूट्यूबची अट कडक होती: 2020 मध्ये मोबाइलवरून थेट जायला चॅनेलचे किमान 1,000 सदस्य लागत. शंभर-दीडशे घरांच्या मंडळीने ते कुठून आणायचे? म्हणून बहुतेक लहान चर्चना फेसबुकच सोयीचे होते. संगणक जोडून यूट्यूबवर जाता येई, पण त्यासाठी जाणता हात हवा, आणि तो बहुधा तरुण संघातल्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा असे. दुसरी मर्यादा डेटाची. सेकंदाला दीड मेगाबिट या वेगाने तासभर चित्र पाठवले, तर साधारण 675 एमबी खर्च होतात. रोज दीड जीबी मिळणाऱ्या फोनचा जवळजवळ अर्धा वाटा एका उपासनेत जातो.

पण खरी फजिती आवाजाची होते. नारायण वामन टिळक आणि कृष्णराव सांगळे यांच्या गीतांनी मराठी उपासनेला पेटी, तबला आणि झांजांची सवय लावली आहे. फोनचा माइक आवाज आपोआप कमी-जास्त करतो. तबल्याची थाप पडली की तो आवाज दाबतो आणि पाळकाचे पुढचे वाक्य अस्पष्ट होते. सगळे शांत झाले की तोच माइक पंख्याची घरघर मोठी करून ऐकवतो. मिक्सरमधून एक वायर थेट फोनला किंवा संगणकाला जोडली की हा त्रास बराच मिटतो. महागड्या कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी चर्चने ही वायर घ्यावी. घरातल्या आजारी माणसाला वेदीवरची फुले अंधुक दिसली तरी चालतात, शास्त्रवाचन मात्र स्पष्ट ऐकू यायला हवे. गीताचा क्रमांकही दोनदा सांगावा, कारण तिकडे कुणीतरी पुस्तक उघडून बसलेले असते.

पडद्यावर काय पोहोचत नाही, याबद्दल कॅथलिक चर्चची भूमिका स्पष्ट आहे. इंटरनेटवर संस्कार नसतात, असे व्हॅटिकनने 2002 मध्येच लिहून ठेवले. 2020 च्या सप्टेंबरमध्ये कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी जगभरच्या बिशपांना कळवले की कोणतेही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही. ख्रिस्तशरीर घरी नेऊन द्यावेच लागते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याबाबत एकमत झाले नाही. जगभर काही पाळकांनी लोकांना घरच्या भाकरीने प्रभुभोजन घेऊ दिले, काहींनी दारे उघडेपर्यंत थांबायला सांगितले. दोन्ही बाजूंना आपापल्या माणसांची तळमळ होती.

आणि पडद्याची ही वाट किती नाजूक आहे, तेही अमरावतीने पाहिले. नोव्हेंबर 2021 मधल्या हिंसाचारानंतर शहरात संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. 14 तारखेचा रविवार त्यातच आला. त्या दिवशी चर्चकडे जाणारा रस्ताही नव्हता आणि पडदाही नव्हता.

आता दारे उघडी आहेत, तरी कॅमेरा उतरवू नये. लग्नाला न पोहोचलेला भाऊ, बापाच्या अंत्यविधीला रजा न मिळालेली मुलगी यांच्यासाठी तो हवाच. मात्र एका गोष्टीकडे तातडीने लक्ष द्यायला हवे. 19 फेब्रुवारी 2025 पासून फेसबुक नवी थेट प्रक्षेपणे फक्त 30 दिवस ठेवते, आणि जुनी उतरवून घ्यायला त्यांनी 90 दिवसांची मुदत दिली होती. टाळेबंदीतली ईस्टरची उपासना, आज हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांच्या साक्षी, मोजक्या माणसांत झालेले दफनविधी: जे कुणी वेळेत उतरवून घेतले नाही, ते गेले. ज्यांच्या फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर यातले काही शिल्लक असेल, त्यांनी ते चर्चच्या कार्यालयात आणून द्यावे. चर्चनेही बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी एक हार्ड डिस्क ठेवावी आणि तिच्यावर तारीख घालून, गावाचे नाव लिहून ते जमा करावे.